जहाज घेतलं, सवय राहिली : ‘मानावानुई’चं प्रकरण

शनिवार, ५ ऑक्टोबर २०२४. पॅसिफिक महासागरातल्या सामोआच्या उपोलू बेटाचा दक्षिण किनारा, सिउमु गावासमोरचा समुद्र. न्यूझीलंड नौदलाचं ‘मानावानुई’ हे जहाज तिथे तळाची मोजणी करत होतं. राष्ट्रकुल प्रमुखांची परिषद त्याच महिन्यात सामोआत भरायची होती, आणि हे काम त्या तयारीचाच भाग होतं. तळाची मोजणी म्हणजे शेतात नांगर फिरवण्यासारखं काम. एका सरळ रेषेत जायचं, टोकाला वळायचं, शेजारच्या रेषेने परत यायचं. तासन्‌तास तेच. रेष सरळ राहावी म्हणून ऑटोपायलट लावतात. माणसाच्या हातापेक्षा यंत्र रेष चांगली धरतं.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला जहाज वळवायची वेळ आली. ब्रिजवरच्या, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीतल्या, अधिकाऱ्याने हालचाल केली, जहाज वळलं नाही. थ्रस्टरने, म्हणजे जहाजाला ढकलणाऱ्या-वळवणाऱ्या पंख्यांनी, वळवायचा, थांबवायचा प्रयत्न झाला, तरीही काही नाही. पुढे प्रवाळाचा खडक. ब्रिजवर असलेल्यांची समजूत झाली की थ्रस्टरचं नियंत्रण गेलं, यंत्रणा बिघडली. ६ वाजून १८ मिनिटांच्या आसपास जहाज पहिल्यांदा घासलं, तसंच सुमारे ६३५ मीटर पुढे जात राहिलं, वाटेत पुन्हापुन्हा आदळलं आणि शेवटी रुतलं.

यंत्रणेत काहीही बिघाड नव्हता. ऑटोपायलट चालू होता. जहाज शेवटपर्यंत, त्याला सांगितलेल्या दिशेने, इमानेइतबारे जात राहिलं.

पावणेआठनंतर जहाज सोडायचा हुकूम निघाला. अंधार, वारा, आणि किनाऱ्यापर्यंत धारदार प्रवाळ. जहाजावर ७५ जण होते. नौदलाच्या लोकांबरोबर काही शास्त्रज्ञ आणि परदेशी सैनिकही. लाइफराफ्ट आणि छोट्या बोटींतून सगळे निघाले. एक छोटी बोट उलटली, त्यातले लोक खडकावरून चालत किनाऱ्याला लागले. काहींना जखमा झाल्या, पण जीव एकाचाही गेला नाही. इतक्या माणसांना रात्री, अशा ठिकाणी, जिवंत बाहेर काढणं सोपं नसतं. जहाज घालवल्याबद्दल बोलताना लोक हे विसरतात. दुसऱ्या दिवशी सकाळी जहाजाला आग लागलेली दिसली, ते एका कुशीवर कलंडलं आणि नऊच्या सुमाराला बुडालं. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूझीलंड नौदलाने गमावलेलं हे पहिलं जहाज. त्या नौदलाकडे तेव्हा मोजून नऊ जहाजं होती.

नोव्हेंबरच्या अखेरीस चौकशीचा अंतरिम अहवाल आला आणि नौदलप्रमुख रिअर ॲडमिरल गॅरिन गोल्डिंग यांनी कारण उघडपणे सांगितलं: मानवी चुकांची मालिका, ऑटोपायलट काढायचा राहून गेला. बातम्यांचं काम तिथे संपलं. आपलं तिथून सुरू होतं. ‘बटण विसरले’ हे उत्तर खरं आहे, पण ते जहाज तिथे कसं आलं, कुणी कसं घेतलं आणि कोणत्या तयारीने चालवलं, हे त्यातून कळत नाही.

पैसे वळले कुठे

न्यूझीलंडच्या नौदलाकडे पूर्वी दोन वेगळी जहाजं होती. ‘रिझोल्यूशन’ समुद्रतळाचं सर्वेक्षण करायचं; ते २०१२ साली निवृत्त झालं. दुसरं जुनं ‘मानावानुई’, समुद्रात बुडी मारणाऱ्या डायव्हरसाठीचं. ते २०१८च्या सुरुवातीला गेलं. दोन्हींची कामं करणारं एकच नवं जहाज बांधून घ्यायचं, असा बेत होता. किनाऱ्यालगतच्या कारवायांना मदत, तळाची मोजणी, पाण्याखाली पडून राहिलेले महायुद्धातले बाँबगोळे शोधणं, बुडालेल्या गोष्टी वर काढणं, असं सगळं त्याच्याकडून हवं होतं.

त्याच वेळी ‘ते काहा’ आणि ‘ते माना’ या दोन फ्रिगेटचं, म्हणजे लढाऊ जहाजांचं, आधुनिकीकरण चाललं होतं, आणि त्याचा खर्च हाताबाहेर गेला. डिसेंबर २०१७मध्ये सरकारने त्यासाठी आणखी १४.८ कोटी न्यूझीलंड डॉलर मंजूर केले. एकूण आकडा ६३.९ कोटींवर गेला. ही जादा रक्कम काढली कुठून? नव्या सर्वेक्षण जहाजाच्या तरतुदीतून. नवं जहाज बांधायचा बेत गुंडाळला, आणि कमी अपेक्षा ठेवून बाजारातलं तयार जहाज शोधायचं ठरलं.

घरात मोठ्या मुलाच्या लग्नाचा खर्च वाढला की धाकटीची कॉलेजची फी ‘पुढच्या वर्षी बघू’ होते, तसंच हे. त्यात लबाडी नाही. फ्रिगेट म्हणजे त्या नौदलाचा कणा. ती अर्धवट सोडता येत नव्हती. पण धाकटीचं काय झालं हे नंतर कुणीतरी विचारायला हवं होतं.

२०१८मध्ये ‘एडा फॉन’ हे जहाज १०.३ कोटी न्यूझीलंड डॉलरला घ्यायचं ठरलं, फेरबदलांचा खर्च धरून. २००३ साली नॉर्वेत बांधलेलं, जवळपास ८५ मीटर लांबीचं, उत्तर समुद्रातल्या तेल उद्योगात डायव्हरना आधार आणि तळाची पाहणी करण्यासाठी वापरलेलं. १०० टनांची क्रेन, जहाजाच्या पोटातून पाण्यात उतरायचं दार, आणि एका जागी स्थिर राहायची डीपी (डायनॅमिक पोझिशनिंग) यंत्रणा. वारा-प्रवाह कसाही असो, संगणक थ्रस्टर फिरवून जहाज एका बिंदूवर धरून ठेवतो, ती ही यंत्रणा. मुंबई हायवर काम केलेल्या कोकणातल्या कितीतरी पोरांना अशी जहाजं तळहातासारखी माहीत आहेत. जून २०१९मध्ये ऑकलंडजवळच्या डेव्हनपोर्ट तळावर हे जहाज ‘मानावानुई’ नावाने नौदलात दाखल झालं. नवं जहाज बांधायला जो काळ लागला असता, त्याच्या तुलनेत हे चुटकीसरशी झालं. किंमतही वाजवी. कागदावर सौदा चांगलाच होता, आणि मला आजही तो मूर्खपणाचा वाटत नाही.

हे पहिल्यांदा घडत नव्हतं

छोट्या देशाच्या नौदलाला व्यापारी जहाजांचा मोह का पडतो, हे समजून घेण्यासारखं आहे. युद्धनौकेच्या निकषांवर जहाज बांधायचं तर एकाच जहाजासाठी आराखडा, चाचण्या, सुटे भाग, प्रशिक्षण असं सगळं स्वतः उभारावं लागतं. दहा जहाजं घेणारा तो खर्च दहांवर वाटतो. एक घेणाऱ्याला सगळा एकट्याच्या डोक्यावर. म्हणून मग बाजारात मिळेल ते घ्यायचं आणि जुळवून घ्यायचं.

न्यूझीलंडने हे आधीही केलं होतं. १९९४मध्ये त्यांनी ‘मर्कँडियन क्वीन २’ हे मालवाहू जहाज सुमारे १.४ कोटी डॉलरला घेतलं आणि ‘चार्ल्स अपहॅम’ असं नाव दिलं. लष्करी वाहनं आणि सामान न्यायचं होतं. पण व्यापारी जहाज पोटात पुरेसा भार असताना स्थिर चालतं. लष्कराचं सामान त्यामानाने हलकं. परिणाम असा की हलक्या भाराने जहाज इतकं डोलायचं की त्यातून सैन्य नेणं मुश्कील. फेरबदलाला पैसे निघेनात. शेवटी ते भाड्याने देऊन टाकलं आणि नौदलाचं ते जहाज स्पेनमधून संत्री-लिंबं वाहू लागलं. २००१मध्ये विकलं.

दुसरं ‘कँटरबरी’. सात जहाजांच्या ‘प्रोजेक्ट प्रोटेक्टर’मधलं सगळ्यांत मोठं, जून २००७मध्ये दाखल झालेलं. ते नवंच बांधलं होतं, पण आराखडा एका प्रवासी-वाहन फेरीच्या आराखड्यावर बेतलेला. त्याच्या बाजूंना छोट्या बोटी ठेवायचे कोनाडे पाण्याच्या पातळीला फार जवळ होते. जुलैमध्ये खवळलेल्या समुद्रात त्यातली एक बोट वाहून गेली. ऑक्टोबरमध्ये बोट खाली सोडताना चटकन सुटणारी कडी निकामी ठरली, बोट उलटली आणि एक तरुण खलाशी बुडाला. २००८मध्ये या जहाजाचा जॉन कोल्स यांनी केलेला आढावा आला. नुकसानभरपाईपोटी बांधणाऱ्या कंपनीकडून सुमारे ८.५ कोटी डॉलर मिळाले, कोनाडे बदलले. जहाज आजही सेवेत आहे आणि उपयोगी आहे.

या दोन्ही वेळी धडा जहाजाच्या शरीराबद्दलचा होता: डोलणं, कोनाडे, कड्या. ‘एडा फॉन’ घेताना शरीर चांगलं निवडलं होतं. या वेळी घोटाळा शरीरात नव्हताच.

‘बिग ऑरेंज’ आणि एक चौकोन

८ जून २००९. नॉर्वेजवळ, उत्तर समुद्रातलं एकोफिस्क तेलक्षेत्र. ‘बिग ऑरेंज १८’ नावाचं कामाचं जहाज एका प्लॅटफॉर्मकडे निघालं होतं. तेल प्लॅटफॉर्मभोवती ५०० मीटरचं सुरक्षित वर्तुळ असतं; आत शिरण्याआधी जहाज हातात घ्यायचं असा नियम. नेमका त्या वेळी फोन आला, कप्तान फोनवर बोलायला गेला, आणि ऑटोपायलट काढायचा राहिला. परत आल्यावर जहाज ऐकेना. वळवलं तरी ते आपलं मूळच्या दिशेला यायचं. एका प्लॅटफॉर्मपासून थोडक्यात बचावून ते दुसऱ्यावर जवळपास पूर्ण वेगात जाऊन धडकलं. कुणी मेलं नाही, प्लॅटफॉर्मचं मोठं नुकसान झालं.

‘मानावानुई’च्या १५ वर्षं आधी, तीच चूक, तसाच गैरसमज, आणि तोही नेमका त्याच उद्योगात ज्याच्यासाठी ‘एडा फॉन’ बांधलं गेलं होतं.

त्या उद्योगाला हे माहीत आहे. ऑफशोअर जहाजावर ५०० मीटरच्या आत शिरण्याआधी एक तपासयादी भरावी लागते. थ्रस्टर तपासले का, सुकाणू हातात घेऊन पाहिलं का, आणि ऑटोपायलट बंद आहे का. प्रत्येकापुढे चौकोन, प्रत्येक चौकोनात खूण, खाली सही. नव्या पोराला हा सगळा प्रकार कंटाळवाणा वाटतो. यादी भरून झाल्याशिवाय प्लॅटफॉर्मवरचा माणूस आत यायची परवानगी देत नाही, म्हणून तो भरतो. महिनाभराने हात आपोआप त्या पॅनेलकडे जायला लागतो. पुढे वर्षभराने त्याला आपण पॅनेलकडे बघतो हेसुद्धा कळत नाही. शिवाय डीपी जहाज चालवायचं तर वेगळं प्रमाणपत्र लागतं: वर्ग, समुद्रावरचे दिवस, सिम्युलेटर, पुन्हा समुद्रावरचे दिवस. ते नसलेल्या माणसाला तेलकंपनी डेस्कवर बसू देत नाही. हे कंपनीच्या चांगुलपणामुळे नव्हे. एका धडकेचा खर्च तिला पाठ आहे.

माझ्या दृष्टीने या प्रकरणाचा गाभा इथे आहे. न्यूझीलंडने १०.३ कोटींत पोलाद, क्रेन, थ्रस्टर आणि यंत्रणा घेतल्या. त्या यंत्रणांभोवती नॉर्वेजियन उद्योगाने अपघात सोसून जी सवयींची भिंत उभी केली होती, ती विक्रीच्या करारात नसते. ती वेगळी विकत घ्यावी लागते: लोकांना तिकडे पाठवून, तिकडच्या लोकांना इकडे बसवून, तपासयाद्या आपल्या करून. खरेदीच्या फायलीत तिला रकाना नसतो, कारण तिचा भाग-क्रमांक नसतो.

उलट बाजूही आहे. नौदलाचा अधिकारी तयार होतो तो मुख्यतः युद्धनौकेवर. तिथली पद्धत तोंडी हुकुमाची. अधिकारी दिशा सांगतो, सुकाण्यावरचा माणूस हुकूम मोठ्याने परत म्हणतो, मग चाक फिरवतो. तीन कान आणि दोन तोंडं त्यात गुंतलेली असतात, चूक ऐकू येते. व्यापारी धाटणीच्या ब्रिजवर हे सगळं एका खुर्चीशी, एका पॅनेलवर आवळलेलं. जहाज स्वस्तात चालावं म्हणूनच ते तसं केलेलं. तिथे चूक दिसते, पण ऐकू येत नाही. आणि दिसते ती सुद्धा बघितलं तरच.

गोल्डिंग यांनी पत्रकारांना सांगितलं की पॅनेलकडे वाकून ऑटोपायलट चालू आहे की बंद हे बघणं अंगवळणी पडलेलं असायला हवं होतं. बरोबरच आहे. प्रश्न एवढाच, की ते अंगवळण पाडायचं काम कुणाचं होतं आणि त्यासाठी वेळ कुणी राखून ठेवला होता.

माणसं

वेळ नव्हता, हे नंतरच्या कागदांतून स्वच्छ दिसतं. कोविडच्या काळात न्यूझीलंडच्या सैन्यदलांना विलगीकरणाची हॉटेलं सांभाळायला लावलं. जहाजावर तंत्रज्ञ म्हणून भरती झालेला माणूस महिनोन्‌महिने हॉटेलच्या दारात पहारा देत उभा. बाहेर उद्योगात पगार बरा. अनुभवी लोक निघून गेले. २०२२च्या अखेरीला ‘वेलिंग्टन’, ‘ओटागो’ आणि ‘हाविआ’ ही तीन जहाजं माणसांअभावी डेव्हनपोर्टला बांधून ठेवलेली होती. नऊ जहाजांचं नौदल, त्यातली तीन धक्क्याला. (त्याच वर्षी न्यूझीलंडने आपली ‘रोटोइटी’ आणि ‘पुकाकी’ ही दोन गस्ती जहाजं आयर्लंडला विकली. आयर्लंडचं नौदल तेव्हा स्वतःच खलाशांअभावी जहाजं बांधून ठेवत होतं. छोट्या नौदलांचा हा बाजार बघितला की पंचायतीच्या लिलावाची आठवण होते: घेणाऱ्याकडे चालवायला माणूस नाही, विकणाऱ्याकडेही नाही.)

माणसं कमी झाली तरी कामं कमी होत नाहीत. पॅसिफिकमधल्या छोट्या बेटांना न्यूझीलंडने मदत करायची हा त्या देशाच्या परराष्ट्र धोरणाचा पाया आहे, आणि ‘नाही जमणार’ हे वाक्य तिथे कुणाच्या तोंडून सहज निघत नाही. ‘मानावानुई’ त्या वर्षी नैऋत्य पॅसिफिकमध्ये तिसऱ्यांदा निघालं होतं.

४ एप्रिल २०२५ला चौकशीचा पूर्ण अहवाल जाहीर झाला. कमोडोर मेलिसा रॉस यांच्या अध्यक्षतेखालच्या चौकशी मंडळाने ऑटोपायलटच्या चुकीला प्रत्यक्ष कारण ठरवलं, पण त्यामागची यादी लांब दिली: प्रशिक्षण आणि अनुभवातली कमतरता, सर्वेक्षणाचं अपुरं नियोजन, देखरेख, सज्जता, कार्यपद्धती, धोक्याचं व्यवस्थापन, नेतृत्व. त्या यादीत खरेदीही आहे. आणि एक शब्द आहे ज्याचं मराठी ‘पोकळपणा’ असंच करावं लागतं: बाहेरून सैन्यदल अखंड दिसतं, आत माणसं आणि कौशल्य विरलेलं. घुणाने खाल्लेल्या वाशासारखं. रंग शाबूत, बोट दाबलं की आत जातं.

शिस्त कुणाला

चौकशी मंडळाचं काम काय घडलं आणि का घडलं हे शोधणं. दोष ठरवून शिक्षा देणं हे त्याचं काम नाही. शिस्तभंगाची प्रक्रिया वेगळी, १९७१च्या सशस्त्र दल शिस्त कायद्याखालची. अंतरिम अहवालाच्या वेळीच सांगितलं गेलं की तीन जणांबाबत ती प्रक्रिया होईल: जहाजाची कमांडिंग ऑफिसर, जहाज हाताळणारा अधिकारी आणि त्याच्यावर देखरेख करणारा अधिकारी. त्यांची नावं मी इथे घेत नाही. घटनेनंतरच्या आठवड्यात समाजमाध्यमांवर कमांडर बाई आहे यावरून जी घाण उसळली, ती पाहिल्यावर तर नाहीच. त्या वेळच्या संरक्षणमंत्री जुडिथ कॉलिन्स यांनी अशा लोकांना ‘आरामखुर्चीतले ॲडमिरल’ म्हणून झापलं होतं.

या तिघांची जबाबदारी कमी आहे असं मी म्हणणार नाही. समुद्रावर जहाज ज्याच्या हातात, त्याच्यावर त्याचा भार. हा नियम सैल केला तर उद्या ‘मला शिकवलं नव्हतं’ म्हणून कुणीही सुटेल. जहाज ऐकत नाही म्हटल्यावर पहिली शंका बिघाडाची न घेता स्वतःच्या पॅनेलची घ्यायची, हे कुठल्याही तांडेलाला माहीत असतं. इंजिन बंद पडलं की तो आधी डिझेलचा वॉल्व्ह उघडा आहे ना ते बघतो, मग इंजिनाला शिव्या घालतो.

पण शिस्तीची साखळी ब्रिजवर सुरू होत नाही. २०१७मध्ये ज्यांनी नव्या जहाजाचे पैसे फ्रिगेटकडे वळवले, त्यांच्या निर्णयावर सह्या आहेत. २०१८मध्ये ज्यांनी जुनं जहाज निवडलं, त्यांच्याही. ते चालवणाऱ्यांना कोणतं प्रमाणपत्र हवं, सर्वेक्षणाच्या रेषा खडकाच्या किती जवळ न्यायच्या, याचे निर्णयही कुणीतरी घेतले किंवा घेतले नाहीत. यांतल्या कुणीच लष्करी शिस्त मोडलेली नाही. प्रत्येकाने आपापल्या टेबलावरचं काम नियमाने केलं. सैन्यातला शिस्तभंग कोर्टासमोर येतो, खरेदीतला लेखापरीक्षणाच्या टिपणात जातो आणि तिथेच राहतो. म्हणून हिशेबाला शेवटी ब्रिजवरचे तिघेच उरतात.

जहाज गेलं त्याची भरपाई विम्यातून मिळणार नव्हती; नवं जहाज मिळेल असा विमाच नव्हता. सामोआला २०२५च्या ऑक्टोबरमध्ये १ कोटी ताला दिले गेले, म्हणजे सुमारे ६० लाख न्यूझीलंड डॉलर. जहाजात साडेनऊशे टनांच्या आसपास डिझेल होतं. ते काढायला महिने लागले, आणि तेवढे दिवस सिउमु परिसरातले मासेमार आपल्याच खडकावर जायला बिचकत होते. पूर्ण अहवालानंतर तीनच दिवसांनी, ७ एप्रिल २०२५ला, न्यूझीलंड सरकारने सैन्यदलांसाठी चार वर्षांत १,२०० कोटी डॉलर खर्चाची योजना जाहीर केली. क्षेपणास्त्रं, ड्रोन, हेलिकॉप्टर यांची चर्चा त्यावर खूप झाली.

सामोआच्या पाण्याचे अधिकृत सागरी नकाशे बनवायची जबाबदारी न्यूझीलंडकडेच आहे. सिउमुसमोरच्या ज्या पट्ट्याची मोजणी अर्धी राहिली, त्याच्या पुढच्या आवृत्तीत बुडालेल्या जहाजाची खूण त्यांनाच काढावी लागणार.